बशी

त्र्याण्णव सालची ब्यूक, अंगावर खोट्या लाकडाची पट्टी,
मागे दोनशे गॅलनची टाकी,
आणि अ‍ॅश फोर्कच्या पाणीनळापासून माझ्या दारापर्यंत
नऊ मैल, सगळे चढाचे.
(आटपाडीला मी टँकरमागे धावायचे, कळशी घेऊन.
इथे टँकर मीच.)

जूनमध्ये तिसऱ्या वळणावर गिअर घसरला.
म्हणजे इंजिन ओरडत राहिलं
आणि चाकांच्या कानावर काही गेलं नाही.
डिपस्टिक काढून नाकाशी धरली:
करपलेली फोडणी.
कोकमाच्या सारासारखं असायचं ते तेल
काकवी झालं होतं.

डेल्मर टॅकेट, वय एक्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त,
गुडघे दोन्ही नवे, म्हणून वाकणं बंद.
सावलीत घडीची खुर्ची टाकून बसला.
म्हणाला, म्हातारी नाही झाली. तापलीये.
दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोक्यातून निघालं ते जेमतेम पाटीएवढं,
अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची चळत.
एवढंसं? मी म्हटलं.
सोबतचे प्लॅस्टिकचे बंद त्याने फेकायला लावले.
घासतात, दोन वर्षांत भोक पाडतात.
फडताळाच्या जुन्या पट्ट्या कापून मी कंस केले,
एसीच्या जाळीपुढे बोटभर फट ठेवून
बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं.

मग दोन नळ्या.
एकीतून तेल जातं, एकीतून येतं.
आपल्याला हवी परतीची,
आणि कोणती परतीची ते नळीवर लिहिलेलं नसतं.
सोड एक, डेल्मर म्हणाला, आणि खाली काहीतरी धर.
हाताशी होती ती परात धरली,
तीस वर्षं जिच्यात कणीक मळली ती.
तो कष्टाने गाडीत शिरला, किल्ली दिली, लगेच बंद केली.
पचकन तपकिरी पिचकारी.
सापडली.
परात आता गॅरेजची.
वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

रेडिएटरला वगळूनच टाकू या का, मी विचारलं,
थेट इकडेच आणू तेल.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी नव्याने इथे आले आहे.
जानेवारी विसरलीस?
तो तेलाला नुसतं निववत नाही,
गारठलेल्याला ऊबही देतो.
आधी त्याच्याकडे जाऊ दे. मग याच्याकडे.

अकराला चहा.
मी नेहमीसारखा बशीत ओतला, फुंकर मारली.
तो बघत राहिला.
माझे आजोबा, म्हणाला, ओक्लाहोमात,
कॉफी अशीच प्यायचे,
आजी म्हणायची लोकांसमोर नको.
आमच्याकडेही तसंच, मी म्हटलं, लोकांसमोर नको.
आणि मग आम्ही दोघांनी
एकदमच गाडीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.
तो इतका हसला की खुर्ची कलली.

कापलेल्या नळीच्या टोकाला ओठ काढला, होज निसटू नये म्हणून,
क्लॅम्प आवळले, नवं तेल ओतलं, लाल.
इंजिन चालू ठेवून पातळी पाहिली,
गरम झाल्यावर परत पाहिली,
त्याने परत पाहायला लावलं.

चार वाजता टाकी भरून निघाले.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्याला काच खाली करून
करपल्याचा वास शोधत राहिले.
ज्युनिपर. धूळ. टाकीत डुचमळणारं पाणी.
गिअरने एकदा श्वास घेतला
आणि धरून ठेवलं.

सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर
एक लाल थेंब.
डेल्मरला सांगितलं नाही.
पाठीवर सरकत आत गेले,
डावीकडचा क्लॅम्प, अर्धा आटा.
पुठ्ठा बदलला.